तोटे सांगणारे सर

सर माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते कूलरमुळं. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं माझं सहलींचं छोटं ऑफिस आहे. एप्रिलमधल्या एका दुपारी ते पेन्शनचं काम उरकून सिडकोतल्या घरी चालले होते. ऊन सोसेना म्हणून काच ढकलून आत आले, कूलरसमोरच्या खुर्चीवर बसले, डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "तू मागच्या बाकावरचा. नाव ध्यानात नाय, पण तू नर्मदा उलटी वाहवली होतीस."

मी ती खरंच वाहवली होती. सर आम्हाला भूगोल शिकवायचे आणि नववीच्या पेपरात नर्मदेला मी बंगालच्या उपसागरात नेऊन सोडलं होतं. शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी ते सरांच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, मग रोजच यायला लागले. मुलगा-सून कामावर गेले की घरात भिंती बघत बसायचं, त्यापेक्षा इथं माणसं दिसतात, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. बसण्याची मला काही अडचण नव्हती. अडचण त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर आली.

गारखेड्याचे एक इंजिनिअर बायकोला घेऊन युरोपची सहल ठरवायला आले होते. मी चकचकीत पत्रक त्यांच्यापुढं सरकवून बर्फाचे डोंगर दाखवत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "एक विचारू का?"

त्यांना वाटलं, ऑफिसातलेच कोणी वडीलधारे असतील. "विचारा ना काका."

"वेरूळला उभं ऱ्हाऊन परदेशी लोकांची बस कधी पाहिली का?"

"नाही. का हो?"

"मी पाहिली. माझं गावच तिकडलं. बस येती, माणसं उतरत्यात, एक जण छत्री वर धरतो, बाकीचे छत्रीच्या मागं. कैलास लेण्यापुढं फोटो, घोटभर पाणी, की परत बसमधी. दुपारी मकबरा आन् संध्याकाळी विमान. त्यांना इचारलं, औरंगाबाद कसं होतं, तर म्हणत्यात, गरम होतं. आपणबी कोणाच्या तरी पॅकेजमधली एक दुपार आहोत. तसं तुम्हाला रोम एक दुपार मिळंल. तेवढ्यावर समाधान असंल तर खुशाल जा."

जोडपं हसलं आणि विचार करून सांगतो म्हणून उठलं. काच बंद झाल्यावर मी म्हणालो, "सर, यावर माझं पोट आहे."

"मी कुठं जाऊ नका म्हणलो? फायदा तू सांग, तोटा मी सांगतो. तुला एकट्याला दोन्ही जमायचं नाय."

पुढच्या आठवड्यात ते जोडपं परत आलं. त्यांना पत्रकातल्या सातांऐवजी तीनच देश हवे होते, पण जरा निवांत. जाताना इंजिनिअर मला म्हणाले, "ते काका कुठायत? त्यांना सांगा, आम्ही कमी देश घेतले." त्यानंतर मी सरांचं तोंड बंद करायचा विचार सोडून दिला.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी जुनी गिऱ्हाइकं आली की पत्रक उघडण्याआधी विचारतात, तोटे कोण सांगणार?

त्यांचं सगळं शिक्षण दोन तुकड्यांत झालेलं होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनच्या आधी उर्दूत आणि नंतर मराठीत. त्यामुळं भूगोल हा शब्द ते वर्गात वापरायचे आणि खासगीत जुगराफियाच म्हणायचे. समजावून सांगताना मराठी, राग आला की उर्दू. आम्हाला ते नकाशावर कमी आणि पायांनी जास्त शिकवत. एकदा अख्खा वर्ग खाम नदीच्या काठाकाठानं चालवत नेला. नाकाला रुमाल लावून आम्ही चाललो होतो. हे पाणी शेवटी गोदावरीला आणि तिथून समुद्राला जातं, असं ते सांगत होते, आणि कोणी तरी विचारलं, सर, समुद्र कसा असतो?  सर म्हणाले, "मीबी पाहिलेला नाय. पुस्तकात मोठा असतो."

खोटं त्यांना येतच नसे. शिक्षकानं सांगायची ती गोष्ट नव्हती, पण त्यांनी सांगितली.

सहलीवरून परतलेली माणसं फोटो दाखवायला, मिठाई द्यायला ऑफिसात येत. सर मिठाई घेत, फोटो बाजूला सारत आणि विचारत, "लोकांच्या दोरीवर वाळत काय होतं?"

माणसं गोंधळायची. आयफेल टॉवर पाहून आलेल्या माणसाला हा प्रश्न कोण विचारतो? पण सरांचं म्हणणं साधं होतं. मुलूख पाहिला की नाही ते वाळवणावरून कळतं. आपल्याकडं गच्चीवर कुरडया दिसल्या की समजायचं, ऊन कडक आहे, गहू पिकतो, आणि घरातल्या बाईला दुपारी उसंत आहे. कुठं मासे वाळतात, कुठं मिरच्या, कुठं नुसती लहान मुलांची कापडं. "बसच्या काचेतून राजवाडा दिसतो," ते म्हणायचे, "दोरी दिसत नाय."

पण त्यांच्या मनात पॅकेज सहलीविषयी वाकडं होतं असं कोणी म्हणू नये. एकदा सोयगावहून एक बाई आल्या. नवरा वारलेला, तिन्ही मुलांची लग्नं झालेली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी कुठं तरी जायचं होतं. धाकटा मुलगा सोबत आला होता. तो म्हणत होता, आईला मीच गाडीनं फिरवून आणतो, ग्रुपबरोबर कशाला? सरांनी बाईंना विचारलं, "घरी सकाळचा चहा कोण करतं?"

"मीच की. अजून कोण?"

"मग तुम्ही ग्रुपबरोबरच जा. पोराबरोबर गेलात तर गाडीतबी डबा तुम्हीच उघडणार. इथं तुमच्या हातात आयता चहा येईल. डोंगर नाय दिसला तरी चालंल, तो चहा प्या." मग मुलाकडं वळून म्हणाले, "तुझा जीव हाय आईवर, मला कळतं. पण आठ दिवस तिला तुझी आई नसू दे."

बाई हिमाचलला जाऊन आल्या. वाळत काय होतं, हे नेमकं सांगणाऱ्या त्या माझ्या पहिल्या प्रवासी. जर्दाळू, म्हणाल्या, पत्र्यावर पसरलेले. सरांनी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

पुढं शहरातली मुलं शिकायला बाहेरदेशी निघायला लागली. त्यांची तिकिटं, व्हिसाची कामं मीही घेऊ लागलो. आता आईबाप यायचे, आणि सरांच्या कामाला वजन आलं. सहलीचा तोटा आठ-दहा दिवसांचा असतो, हा जन्माचा, असं ते म्हणायचे. बोलण्याआधी ते रुमाल झटकून नीट घडी घालत.

सुवर्णा आली ती तिच्या वडिलांबरोबर. घराणं मूळचं मेंढपाळांचं. भाऊबंद अजून सोयगावच्या बाजूला मेंढरं घेऊन हिंडायचे. वडील मात्र शेंद्र्याच्या एका कारखान्यात फाटकावर पहाऱ्याला होते. मुलगी इंजिनिअर झालेली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात तिला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. अडलं होतं ते फक्त वडिलांच्या हो म्हणण्यावर.

मी माहिती द्यायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "तुमचं बरूबर हाय सायेब, पण तुमचा ह्यो धंदा हाय. गुर्जी, तुमी सांगा. पोरीला धाडू का नको?"

सरांनी रुमालाची घडी घातली. फायदे त्यांनी पटपट सांगितले, कारण ते सगळ्यांना माहीत असतात. मग तोट्यांवर आले. थंडी अशी की हाडात शिरते. दुपारी चारला अंधार. आजारी पडली तर पाणी द्यायला कोणी नाही. परीक्षा परक्या भाषेत. आणि सगळ्यात शेवटी म्हणाले, "अन् एक. गेलेली पोरगी परत येत नाय. आली तरी ती नसती, दुसरीच असती. तिला तुमचं घर बारकं वाटणार. ती बोलून नाय दाखवणार, पण तुम्हाला कळंल."

 वडील उठले. "मंग नकोच," म्हणाले. "चल बाई."

सुवर्णा उठली नाही. ती सरांकडं बघत होती. "सर, जाण्याचे तोटे सांगितले. आता न जाण्याचे सांगा."

सरांनी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. वडील दारात उभे होते. शेवटी तीच उठली, नमस्कार केला आणि वडिलांमागं निघून गेली.

त्यानंतर सर ऑफिसला आले नाहीत. तब्येत बरी नसेल म्हणून मी घरी फोन केला, तर सून म्हणाली, गच्चीवर बसून असतात, जेवणापुरते खाली येतात. पाच-सहा दिवसांनी ते आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. खुर्चीवर न बसता म्हणाले, "गाडी काढ. शेंद्र्याला जायचंय."

मोटारसायकलवर माझ्यामागं ते ताठ बसले होते. कारखान्याच्या फाटकाशी सुवर्णाचे वडील निळ्या गणवेशात उभे होते. त्यांनी आम्हाला बघून स्टूल पुढं केलं. सर बसले नाहीत.

"दादा, त्या दिवशी मी एक बाजू गिळली," ते म्हणाले. "ती सांगायला आलो."

आणि उन्हात उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं ते मीही प्रथमच ऐकत होतो. सर बी.ए. झाले तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांनी खटपट करून विलायतेतल्या एका कॉलेजात त्यांची जागा मिळवली होती. भूगोलासाठीच. बोटीनं जायचं ठरलं होतं. थोरले भाऊ घर चालवायचे. ते गावातल्या एका शहाण्या माणसाकडं सल्ला विचारायला गेले. त्या माणसानं बसवून घेतलं, चहा दिला आणि जाण्याचे सगळे तोटे सांगितले.

"त्यांनी सांगितलेला एकूण एक तोटा खरा होता," सर म्हणाले. "म्हणून मला त्यांच्यावर कधी रागबी धरता आला नाय. मी ऱ्हायलो. वाईट काय झालं? काय नाय. नोकरी झाली, लेकरं झाली, पोरं सर म्हणत्यात. पण दादा, मी उभा जन्म दुसऱ्यानं पाहिलेली पृथ्वी शिकवली. न जाण्याचा तोटा कसा असतो? दिसत नाय, दुखत नाय. नुसता रोज सोबत ऱ्हातो. तुमच्या पोरीनं इचारलं आन् मला तेवढं बोलता आलं नाय."

फाटकातून एक ट्रक आत जायचा होता. वडिलांनी साखळी काढली, ट्रक सोडला, साखळी पुन्हा लावली. मग म्हणाले, "गुर्जी, मला थंडीचं भ्या नाय. मेंढरामागं आमीबी थंडी काढली. पर मेंढरू कुठं चरतंय ते तरी दिसत असतं. ही कुठं निजती, कुठून चालत जाती, मला काय दिसणार? डोळ्याला दिसलं असतं तर मी नाय म्हणलो नसतो."

"दिसंल," सर म्हणाले. "तिला आधी जाऊ द्या. वर्साच्या आत मी तुम्हाला तिथं नेतो."

 पुण्याच्या पलीकडं फारसे न गेलेले सर हे बोलत होते.

सुवर्णा गेली. आणि दिलेला शब्द पाळायचा तर रस्ता एकच होता, तो सरांनाही माहीत होता. दोघांनाही एकट्यानं इतकं लांब जाणं जमणारं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या युरोपच्या ग्रुपमध्ये दोन नावं वाढली. खर्चाचं आमचं आम्ही पाहिलं. ग्रुपबरोबर मीही जाणार होतो.

चिकलठाण्याच्या विमानतळावर सरांनी गळ्यातलं ओळखपत्र आणि डोक्यावरची पिवळी टोपी काही न बोलता स्वीकारली. मला वाटलं होतं, पावलोपावली तोटे ऐकावे लागतील. पण सहलीत ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे वागले. छत्रीमागं चालले. फोटोत उभे राहिले. फक्त बसमध्ये खिडकी सोडली नाही. नद्या ओळखत होते. पाटी यायच्या आधी हळूच नाव घ्यायचे आणि पाटी आली की मान हलवायचे. एकच तक्रार होती, "ह्या लोकांचं बाहेर काय वाळतच नाय रे." सुवर्णाचे वडील शेजारी घोंगडी पांघरून बसत. बसमधल्या एसीत ती घोंगडी नंतर दोन-तीन जणांनी मागून घेतली.

जंगलातल्या एका गावात आमचा थांबा होता. तिथं लाकडी घड्याळं कशी बनवतात ते दाखवतात. तिथून सुवर्णाचं गाव आगगाडीनं जवळ होतं. ग्रुपला मी सहायकाच्या हवाली केलं, संध्याकाळी बस सुटायच्या आत येतो म्हणालो, आणि आम्ही तिघं निघालो.

ती स्टेशनवर उभी होती. वाळली होती. वडिलांच्या पाया पडली आणि तशीच त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिली. फोनवर ती नेहमी सगळं छान आहे असं सांगायची. खोलीवर गेल्यावर हळूहळू कळलं, हिवाळ्यात ती फार आजारी होती, एक पेपर राहिला होता, आणि कितीतरी रविवार ती कोणाशी एक शब्दही बोलली नव्हती. स्वयंपाकघर आठ-दहा मुलामुलींचं मिळून होतं. वडिलांनी आणलेलं ज्वारीचं पीठ तिनं तिथं मळायला घेतलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

वडील म्हणाले, "चल घरी. कोन काय म्हणत नाय. मी हाय."

तिनं तव्यावरची करपलेली भाकरी उतरवली. मग म्हणाली, "आबा, मला इथं करमत नाही. पण मला परत यायचं नाही. शिकून झाल्याशिवाय नाही."

सर काही सुचवतील असं मला वाटलं. ते उठले, जिना उतरून तळघरात गेले. वर आले तेव्हा चेहरा उजळला होता. "सगळ्यांची कापडं खाली वाळत्यात," मला एवढंच म्हणाले आणि भाकरी खायला बसले.

जेवण झाल्यावर वडील मुलीला म्हणाले, "ऱ्हा मंग. पर मला तुझी वाट दाखव. इथून कॉलेज, दुकान, दवाखाना. सगळी. आता मी घरी पडल्या पडल्या तुझ्याबरूबर चालत जाईन."

तसे आम्ही निघालो. वडील सावकाश चालत होते. प्रत्येक वळणावर थांबून मागं बघत होते, रान ओळखीचं करून घेतात तसे. एका दगडी पुलावर त्यांनी कठड्याला हात लावून पाहिला. आज सुवर्णा तिथंच नोकरीला आहे, दरवर्षी येते, आणि मध्यंतरी तो पूल दुरुस्तीला बंद होता तेव्हा शेंद्र्यातून वडिलांनी तिला दुसरी वाट सांगितली होती.

विद्यापीठापाशी सरांनी विचारलं, "इथं जुगराफिया शिकवत्यात का?"

"ती पिवळी इमारत, सर," सुवर्णा म्हणाली.

"तुम्ही ह्यांना दवाखाना दाखवून या. मी जरा बघतो."

आम्ही परत आलो तर सर बाहेर नव्हते. आत शिरून आम्ही दारं बघत गेलो. एका दाराच्या काचेतून दिसले. मोठा वर्ग, उतरते बाक, सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि शेवटच्या बाकावर आमचे सर, मांडीवर पिवळी टोपी. फळ्यावर एक प्राध्यापिका डोंगर काढून त्यावर बाण मारत होत्या. वारा चढतो कसा, पाऊस टाकतो कुठं आणि पलीकडं कोरडा उतरतो कसा. सरांनी जन्मभर शिकवलेलं चित्र होतं ते. भाषेतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, आणि ते सगळ्यांच्या आधी मान डोलावत होते.

सुवर्णा कुजबुजली, "गाडी सुटेल."

मी दार किलकिलं केलं. सरांनी मागं पाहिलं आणि तळहात खाली दाबला. शाळेत उशिरा आलेल्या पोराला ते तसंच करायचे. बस, आवाज करू नको. मी बसलो. माझ्यामागून घोंगडी सावरत सुवर्णाचे वडील आले आणि तेही बसले. ती दाराशी उभी राहून आमच्याकडं बघत होती, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसत होती.

गाडी चुकली. पुढच्या गाडीनं घड्याळांच्या गावी पोचलो तेव्हा बस सुरू होऊन उभी होती आणि आतली माणसं तापलेली होती. पुढच्या सीटवरचे एक कापड व्यापारी पहिल्या दिवसापासून कशावर ना कशावर नाराज होते. त्यांनी सरांना पायरीवरच गाठलं. "तुमच्यासाठी आम्ही सगळे ताटकळतोय. वय झालं तुमचं, वेळेचं काही आहे की नाही? होतात कुठं इतका वेळ?"

मी मध्ये बोलणार होतो, पण सरांनी मला हातानं मागं सारलं. दांडी धरून ते वर चढले, टोपी काढली आणि सगळ्यांना दिसेल असे मधोमध उभे राहिले.

"माफी असावी," ते म्हणाले. "कॉलेजात होतो. मॅडमनी तास लांबवला."